१९६० ते ७० मधल्या संगीत नाटकांतल्या स्त्री-भूमिका: कार्यक्रमात कोणती पदं घ्यावीत?

मध्यलय
मंडळाच्या वर्धापनदिनाला दोन तासांचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम बसवतोय. 'नांदी ते भैरवी' असा सगळा दीडशे वर्षांचा फेरफटका सगळेच करतात, म्हणून विषय मुद्दाम अरुंद ठेवलाय. १९६० ते १९७० या काळात नव्याने रंगभूमीवर आलेली संगीत नाटकं, आणि त्यातही फक्त बायकांच्या भूमिका.

हाताशी काय आहे: दोन गायिका (गाण्याची पट्टी, म्हणजे पेटीवर षड्ज कुठे ते: एक काळी चार, एक काळी पाच), निवेदनाला एक पुरुष जो काळी एकमध्ये गातोही, ऑर्गन, तबला. नेपथ्य नाही, पण तीन छोटे प्रवेश संवादांसकट करायचे आहेत.

माझी यादी अशी: 'मत्स्यगंधा' (१९६४), आशालता वाबगावकर. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७), फैय्याज. 'हे बंध रेशमाचे' (१९६८), बकुळ पंडित. इथे गाडी अडते.

माझं मतही सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं: या दशकात बाईचं पद आखूड झालं आणि बाईची भूमिका लांब झाली. लक्षात राहिलेल्या भूमिका त्यामुळेच राहिल्या. पटत नसेल तर या.

वन्समोअर
पहिला नंबर! धागा वाचायच्या आधीच वन्स मोअर.

कानसेन
पटत नाही, म्हणून आलो.

पद आखूड झालं याचं कौतुक कशाला? याच दशकात जयमाला शिलेदार 'मराठी रंगभूमी' या संस्थेतून 'सौभद्र', 'स्वयंवर', 'एकच प्याला', 'मानापमान' करत होत्या आणि एकेका पदाला रंगवत होत्या. तुमच्या 'नव्याने आलेली नाटकं' या अटीने त्या यादीतून बाहेर पडतात. म्हणजे दशकातली सगळ्यात तयारीची गायक-नटी बाहेर आणि बाकीच्या आत. हे म्हणजे चाळणीत पीठ खाली आणि कोंडा वर.

मध्यलय
कानसेन, कोंडा म्हटल्याबद्दल आशालताबाईंचे चाहते तुम्हाला बघून घेतील. जयमालाबाईंबद्दल वादच नाही. पण त्यातल्या बहुतेक भूमिका मुळात बालगंधर्वांसाठी बांधलेल्या. रुक्मिणी, सिंधू, भामिनी. बाईने गायचं ते एका पुरुषाने बाईसाठी तयार केलेलं गाणं. मला हवंय ते पहिल्या तालमीपासून बाईच्या गळ्यासाठी रचलेलं.

गोंयचो_मोग
मग ज्योत्स्नाबाई भोळ्यांपासून सुरू करा की. 'कुलवधू' १९४२चं. भानुमती ज्योत्स्नाबाईंनीच उभी केली, मास्तर कृष्णरावांच्या चाली त्यांच्याच गळ्यासाठी. तुम्ही म्हणता ते काम साठच्या दशकाने नाही, 'नाट्यनिकेतन' संस्थेने वीस वर्षं आधी केलं. त्याच्याही आधी १९३३ला 'आंधळ्यांची शाळा'मध्ये स्त्री-भूमिका बायकांनी केल्याच होत्या.

साठच्या दशकात नवं काय झालं, तर पंडित जितेंद्र अभिषेकी. 'मत्स्यगंधा' हे त्यांचं संगीतकार म्हणून पहिलं संगीत नाटक. धि गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, दिग्दर्शन मास्टर दत्ताराम, नाटक वसंत कानेटकरांचं, पराशराच्या भूमिकेत रामदास कामत, सत्यवतीच्या आशालता. यातले बहुतेक जण मूळ गोव्याचे. (छाती फुगवून घेतो, थोडा वेळ द्या.)

वन्समोअर
घ्या वेळ. तोवर कोकम सरबत येऊ द्या.

गोंयचो_मोग
देव बरें करूं.

आता मुद्द्याचं. आशालताबाईंच्या वाट्याला या नाटकात 'गर्द सभोंती रान साजणी', 'जन्म दिला मज ज्यांनी' आणि 'अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा'. ही तीन पदं लागोपाठ ऐका. पहिल्यात यमुनेकाठची कोळ्याची पोर आहे. तिसऱ्यात हस्तिनापुरात सगळं मिळवून सगळं गमावलेली राजमाता आहे. एकाच प्रयोगात एकाच नटीने एवढं अंतर चालायचं, आणि ते आवाजातून दिसायला हवं. तान मारून ते दिसत नाही. अभिषेकीबुवांनी तिन्ही चालींत शब्द वर ठेवलेत आणि स्वर खाली. कानसेन ज्याला आखूड म्हणतात ते हेच.

कार्यक्रमात तिन्ही घ्या, पण सलग नको. 'गर्द सभोंती' सुरुवातीला, 'अर्थशून्य' मध्यंतरानंतर. मध्ये काळ गेला हे श्रोत्यांना जाणवू द्या.

निरागस_श्रोता
'गर्द सभोंती' कानेटकरांचंच ना?

गोंयचो_मोग
नाही, बालकवींचं. 'तू तर चाफेकळी' ही मूळ कविता, कानेटकरांनी नाटकात घेतली. बालकवी गेले १९१८ला, म्हणजे नाटकाच्या सेहेचाळीस वर्षं आधी. पण कवितेत यमुनेचं पाणी, रान, राजा आणि वनातली मुलगी सगळं आयतं आहे. सत्यवतीसाठीच लिहिल्यासारखी बसते.

गाणाऱ्याला अडचण एकच. पहिल्या दोन ओळींत विचारणारा वेगळा आहे, 'तू तर चाफेकळी' असं तो तिला म्हणतोय. पुढे 'ती वनमाला म्हणे नृपाळा' इथून उत्तर सुरू होतं. बहुतेक जणी सगळं एकाच लाडिक आवाजात गातात. प्रश्न किंचित लांबून यायला हवा आणि उत्तर जवळून. आवाज न बदलता फक्त जोर बदलून करा: प्रश्नात 'सांग' वर वजन, उत्तरात 'माझे घर' वर.

पायपेटीवाला
मला त्या 'काळी चार, काळी पाच, काळी एक'ने घाम फुटलाय. यादी नंतर करा, आधी हे सोडवा.

पुरुष काळी एक. त्याचा पंचम येतो काळी चारवर. म्हणजे काळी चारवाल्या ताईंचा षड्ज हा त्याचा पंचम. उलट बाजूने बघा: काळी चारचा मध्यम येतो काळी एकवर. त्यामुळे काळी एकला लावलेला तबला त्याला षड्जात आणि त्यांना मध्यमात चालतो. एका तबल्यात दोघांचं भागलं. मध्येच हातोडी घेऊन ठकठक नाही.

काळी पाचवाल्या ताईंचं गणित बसत नाही. त्यांचा मध्यम काळी दोन, पंचम पांढरी चार. काळी एकचा तबला त्यांना कोमल गंधार देणार. चारुकेशी रागात शुद्ध गंधार लागतो, तिथे तर कानात खिळा ठोकल्यासारखं होईल. उपाय दोन:

एक, त्यांना पूर्ण एक सूर खाली आणून काळी चारला गायला लावा. भावपदांना चालतं. खालचा पंचम पोकळ लागत असेल तर नका लावू.

दोन, त्यांची सगळी पदं एका गटात घ्या आणि त्या गटासाठी काळी दोनला लावलेला वेगळा तबला बाजूला ठेवा. आधी लावून, झाकून. एसीची हवा थेट त्याच्यावर येऊ देऊ नका. पुडी (तबल्याचं कातडं) थंड झाली की सूर सरकतो आणि नेमका पहिल्या समेला कळतो.

मध्यमाचा तबला कुठे चालत नाही तेही बघा: ज्या रागात मध्यमच नाही तिथे. भूप किंवा हंसध्वनीतलं काही घेणार असाल तर तबला षड्जात किंवा पंचमात हवा.

मध्यलय
पायपेटीवाला, दंडवत. हे कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं.

कानसेन
पुस्तकात आहे. तुम्ही सगळे यूट्यूब बघता.

तिसरी_घंटा
यादीत भर: 'लेकुरे उदंड जाली' (१९६६). कानेटकर, अभिषेकी आणि गोवा हिंदू हीच त्रयी, पण जात पूर्ण वेगळी. श्रीकांत मोघे आणि दया डोंगरे. इथे पद 'आलं' असं होत नाही. बोलता बोलता वाक्याला ताल लागतो, ताल लागता लागता चाल लागते, आणि कळायच्या आत पुन्हा गद्य. मध्यलयताईंचं म्हणणं सर्वांत जास्त खरं ठरतं ते या नाटकाला.

कानसेन
ते संगीत नाटक नव्हे. गाणी असलेलं नाटक.

तिसरी_घंटा
मग 'सौभद्र' म्हणजे नाटक असलेली गाणी म्हणायची का? १८८२ला आलं तेव्हा शंभरावर पदं होती त्यात. रात्र सरायची, सुभद्रेचं लग्न काही लागायचं नाही.

वन्समोअर
😂 आणि अर्जुन संन्यासाचं सोंग काढून कंटाळून खराच संन्यासी.

ढोलकीफेम
सगळ्यांना रामराम. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहाबाहेर एक पाऊल टाकून बोलतो. याच दहा वर्षांत तमाशाच्या कनातीत विठाबाई नारायणगावकर उभ्या होत्या. गाणं, नाच, वगातली भूमिका, समोर हजारोंचा पब्लिक. धाग्याचं नाव 'संगीत नाटकांतल्या स्त्री-भूमिका' आणि तमाशाचं नावही नाही. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग: हे संगीत नाटक नाही तर काय आहे? गण संपतो, गवळणीत मावशी पुरुष असते, बाकी सगळा भार बाईवर. ढोलकी, हलगी, कडं, तुणतुणं, झांज एवढ्या गलक्यात तिला शब्द पोचवायचा असतो. तिथे ऑर्गन नाही सूर द्यायला. तुणतुणं देतं तो सूर, मागचे सुरत्ये (साथीचे गाणारे) झील धरतात, आणि बाई वरच्या षड्जाच्या आसपास तासभर राहते. नाट्यगृहातल्या किती जणींना झेपलं असतं?

वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ला आलं, शहरात गाजलं, आणि मग सगळ्यांना लोकनाट्य दिसलं. त्याच्या आधी काय ते नव्हतं?

मध्यलय
ढोलकीफेम, मुद्दा शंभर टक्के मान्य, पण आमच्याकडे ढोलकीवाला नाही आणि तबल्यावर ढोलकी वाजवायला सांगितली तर तबलजी संप करेल.

ढोलकीफेम
तबल्यावर लावणी वाजवू नकाच. वाजते, पण बसते. 'बसते' म्हणजे जमते नव्हे, खाली बसते. ढोलकीची शाई लावलेली बाजू चढी असते आणि चाट मारली की फटाका वाजल्यासारखा आवाज सुटतो. लावणी नाचते ती त्या आवाजावर. निवेदनात दोन मिनिटं द्या विठाबाईंना, तेवढं पुरे.

निरागस_श्रोता
स्वरसम्राज्ञी घ्या ना! कीर्ती शिलेदार! त्यात तमाशापण आहे.

तिसरी_घंटा
१९७२. दशकाबाहेर. हळहळ आहे, कारण तमाशातली मैना शास्त्रीय गायिका होते आणि त्याच भूमिकेत लावणीचा ठसकाही लागतो नि बंदिशीची बैठकही. कीर्तीताई तेव्हा विशीच्या होत्या.

कानसेन
आणि शिकल्या कुणाकडे? जयमालाबाईंकडे, जयराम शिलेदारांकडे. म्हणजे चाळणीतून जे खाली पडलं त्यातूनच पुढचं दशक उभं राहिलं. मी पुन्हा येईन.

विंगेतला_प्रॉम्प्टर
तुम्ही तीन प्रवेश संवादांसकट करणार म्हणून लिहितो. माती होते ती पदात नाही, पदाच्या आधीच्या दहा सेकंदांत होते.

गद्यातलं शेवटचं वाक्य संपतं, नटी थांबते, पिटाकडे बघते, ऑर्गनवाला षड्ज धरतो, ती खाकरते, मग आलाप. एवढ्यात सत्यवती गेलेली असते आणि स्पर्धेतली गायिका आलेली असते. असं करा:

संवादात पदाच्या दोन वाक्यं आधीचा एक शब्द ठरवा. त्या शब्दावर ऑर्गनवर षड्ज-पंचम अगदी हलका सुरू, श्रोत्यांना जाणवणारही नाही इतका. शेवटचं वाक्य तिने त्या षड्जाच्या जवळच बोलायचं. म्हणजे बोलण्याचा सूर आणि गाण्याचा सूर यात खड्डा राहत नाही. काळी चारवाल्या बाईचं साधं बोलणं षड्जाच्या खाली चालतं, म्हणून वाक्य चढत नेऊन शेवटच्या शब्दाला षड्जावर यायचं. तालमीत हे वाक्य पन्नास वेळा घोटून घ्या, पदापेक्षा जास्त.

सुरुवातीचा आलाप नको. थेट शब्द. तबला दुसऱ्या ओळीला आला तरी चालतो, बिघडत नाही.

गाताना हात: एक हात कानाशी आणि दुसरा हवेत ताना काढतोय असं दिसलं की भूमिका संपली. हातात वस्तू द्या. सत्यवतीला वल्हं किंवा जाळ्याची दोरी, काहीही. हात गुंतले की गळा भूमिकेत राहतो.

माईक: तेव्हा माईक पायदिव्यांजवळ असायचे, म्हणून पद आलं की नटी पुढे यायची, ती सक्ती होती. तुमच्याकडे कॉलर माईक असतील तर पुढे यायची गरज नाही, पण दागिने आणि पदर माईकवर घासतो. ठुशी-मोहनमाळ असेल तर माईक केसांत, कपाळाच्या रेषेवर लावा.

पायपेटीवाला
याला एक पुरवणी. 'हलका षड्ज' म्हणजे भात्याला कमी हवा असं करू नका, सूर डगमगतो. हवा पूर्ण ठेवा आणि एकच, मऊ स्टॉप उघडा. पद सुरू झालं की दुसरा. पडदा दाबून तसाच ठेवायचा, उचलून पुन्हा मारायचा नाही. पेटीपेक्षा ऑर्गन इथेच सरस, सूर तुटत नाही.

निरागस_श्रोता
'कट्यार'मधल्या झरीनाबद्दल कुणीच बोललं नाही.

तिसरी_घंटा
बोलतो. 'कट्यार'ची तारीख आधी: २४ डिसेंबर १९६७, 'नाट्यसंपदा' संस्थेची निर्मिती. बालगंधर्व त्याच वर्षी जुलैमध्ये गेले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, पंडितजींच्या भार्गवराम आचरेकर, सदाशिवच्या प्रसाद सावकार, आणि खाँसाहेबांची मुलगी झरीना म्हणजे फैय्याज.

या नावांकडे बघा आणि झरीनाची पंचाईत समजून घ्या. समोर वसंतराव आहेत. त्यांच्याशी गाण्यात टक्कर घ्यायची नाही, ती मुलगी आहे, प्रतिस्पर्धी नाही. पण ती त्याच घरातली आहे हे गळ्यातून कळायला हवं. म्हणजे तानेचा तुकडा आला तर तो खाँसाहेबांच्या ढंगाचा, वेगाने सुटणारा, आणि लगेच आवरलेला. फैय्याज यांची जागा मला तिथे वाटते: जितकं येतं त्यातलं थोडंच दाखवलं. पुढच्या अनेक झरीना गातात छान, पण बापाला हरवायच्या ईर्ष्येने, आणि नाटकाचा तोल जातो.

दुसरं, उच्चार. ज़, ख़, ग़ हे नुक्ते पाळा. मराठी 'झ' आणि 'ख' लावून उर्दू ढंगाचे संवाद म्हटले की झरीना सदाशिव पेठेत राहायला येते. मात्र नुक्ता घशात घोटवून दाखवूही नका. हलका हवा.

सोलापुरी_शेंगाचटणी
फैय्याज आमच्या सोलापूरच्या. नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षही झाल्या, २०१५, बेळगाव. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

वन्समोअर
गोवा वि. सोलापूर, पहिली कसोटी. कोकम सरबतावर शेंगाचटणी.

गोंयचो_मोग
फैय्याज यांचंच 'चार होत्या पक्षिणी त्या' घ्या, 'वीज म्हणाली धरतीला' मधलं. शिरवाडकरांचे शब्द. नाटक १९७०चं, तुमच्या चौकटीत कडेवर बसतं. त्यात गाण्यापेक्षा गोष्ट सांगणं आहे. संपताना आवाज मोठा करायचा मोह होतो. नका करू.

मध्यलय
घेतलं. आता बकुळ पंडित. 'विकल मन आज झुरत असहाय' आणि 'का धरिला परदेश', दोन्ही 'हे बंध रेशमाचे' मधली. नाटक रणजित देसाईंचं, शब्द शांता शेळक्यांचे, चाली पुन्हा अभिषेकींच्या. दोन्ही विरहाची, दोन्ही लोकप्रिय. एकच घ्यावं का?

कानसेन
दोन्ही घ्या. बकुळबाईंचा गळा या सगळ्यांत सुरेल. आणि जमल्यास त्यांचंच 'उगवला चंद्र पुनवेचा'. अत्र्यांचं 'पाणिग्रहण', चाल श्रीनिवास खळे यांची.

तिसरी_घंटा
मूळ 'पाणिग्रहण' चाळिसातलं आहे. ताईंच्या अटीने बाद.

कानसेन
चाल खळ्यांची, गळा बकुळबाईंचा, बाद कसलं? पायपेटीवाल्यांनाही विचारा. मालकंस आहे. पंचम नाहीच, तानपुरा मध्यमात, तबला मध्यमात. काळी चारच्या ताई, काळी एकचा तबला. यांच्या सगळ्या गणितात सर्वांत चपखल बसणारं पद हेच आहे.

पायपेटीवाला
नियमांचं मला माहीत नाही, गणिताला अनुमोदन. तानपुरा यंत्राचा असेल तर पंचमाची कळ मध्यमावर न्यायला विसरू नका. पंचम राहिला तर मालकंस आजारी पडतो.

मध्यलय
रच्याकने, 'हे सुरांनो चंद्र व्हा' बद्दल काय? 'ययाति आणि देवयानी', १९६६, शिरवाडकर आणि अभिषेकी. सगळ्यांच्या कानात अभिषेकीबुवांचा आवाज आहे, पण शब्द तर 'माझ्या प्रियकराला पोचवा'. पद बाईचं आहे.

गोंयचो_मोग
नक्की घ्या. तुमच्या विषयाला याच्याइतकं बोलकं उदाहरण नाही. बाईसाठी लिहिलेलं पद, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो पुरुषाचा आवाज. पद आखूड झालं म्हणून भूमिका लांब झाली असं तुम्ही म्हणता. पण त्या दशकातली मोठी, गायकीची पदं कुणाकडे गेली ते मोजा. 'मत्स्यगंधा'त 'गुंतता हृदय हे', 'साद देती हिमशिखरे' रामदास कामतांकडे. 'मंदारमाला'त (१९६३) राम मराठे आणि प्रसाद सावकार यांची जुगलबंदी, 'जय शंकरा गंगाधरा'. 'कट्यार'मध्ये तर विचारूच नका. बाईचं पद आखूड झालं, पुरुषाचं झालं नाही.

कानसेन
अखेर कुणीतरी बोललं.

तिसरी_घंटा
अर्धंच बरोबर आहे ते. त्या दशकात जी पुरुष-पात्रं गवई किंवा ऋषी आहेत त्यांना गायकीची पदं आली. नाटकांचे विषयच गवयांचे होते. बाई गवई म्हणून कुणी लिहिलीच नाही. 'स्वरसम्राज्ञी'ने ती लिहिली आणि लगेच मोठी पदं बाईकडे आली. म्हणजे दोष संगीतकाराचा नाही, नाटककाराचा.

विंगेतला_प्रॉम्प्टर
दोष कुणाचाही असो, 'हे सुरांनो' बाईने गाताना बुवांच्या रेकॉर्डची नक्कल करू नये. बुवांनी ते मैफलीसारखं उलगडलंय. प्रवेशात गायचं तर ध्रुवपद, दोन अंतरे, चार-साडेचार मिनिटांत संपवा. चारुकेशीचा कोमल धैवत-निषाद उतरताना रेंगाळायचा मोह होतो, रेंगाळा, पण एकदाच.

फायलीतला_माणूस
रसभंग करतो, क्षमस्व. दोन कागद बघा.

एक: संवादांसकट प्रवेश करणार म्हणजे तो नाट्यप्रयोग. महाराष्ट्रात करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित लागते. मूळ नाटकाचं प्रमाणपत्र असलं तरी तुमच्या निवेदनाची संहिता नवी आहे, ती वेगळी पाठवा आणि पुरेसा वेळ ठेवून पाठवा.

दोन: हक्क. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. बालकवींचे शब्द केव्हाच मुक्त झाले. पण अभिषेकीबुवा १९९८ला गेले, म्हणजे चालींचे हक्क २०५८ अखेरपर्यंत. शिरवाडकर १९९९, म्हणजे २०५९. कानेटकर, दारव्हेकर, शांताबाई सगळे हक्कातच. प्रवेशासाठी वारसांची लेखी परवानगी घ्या. तिकीट नसलं म्हणून सूट मिळते असं गृहीत धरू नका.

वन्समोअर
यांना पदाच्या मध्ये नाही सोडायचं कुणी 😄 पण उपयोगाचं आहे.

मध्यलय
सगळ्यांचं एकत्र करून क्रम लावलाय:

पूर्वार्ध: 'गर्द सभोंती' (प्रवेशासह). 'हे सुरांनो चंद्र व्हा'. 'लेकुरे'चा प्रवेश, दोघांचा. विठाबाईंवर दोन मिनिटं निवेदन. 'जन्म दिला मज ज्यांनी'.
उत्तरार्ध: काळी पाचच्या ताईंचा गट, दुसऱ्या तबल्यावर: 'का धरिला परदेश', 'विकल मन', 'चार होत्या पक्षिणी'. मग काळी चार: झरीनाचा प्रवेश, 'उगवला चंद्र' (कानसेन, पावती द्या), 'अर्थशून्य भासे'.

नऊ-दहा पदं सरासरी साडेपाच मिनिटं धरली तर पंचावन्न, तीन प्रवेशांचे संवाद वीस, निवेदन वीस. पंचाण्णव झाले. तबला बदलणं, टाळ्या, उशिरा आलेले पाहुणे पंधरा. दहा मिनिटं हातात राहतात.

पायपेटीवाला
काळी पाचचा गट मध्यंतरानंतर लगेच ठेवलात हे उत्तम. तबला पडद्याआड बदलून होईल. 'चार होत्या' गटाच्या शेवटीच राहू द्या, मध्ये नको. त्यानंतर लगेच विरहगीत गायला नाही जमायचं.

विंगेतला_प्रॉम्प्टर
'विकल मन' आणि 'का धरिला' पाठोपाठ नको. मध्ये 'हे बंध रेशमाचे'चा कथाभाग मिनिटभर सांगा. फाळणीचा काळ, दोन घरं, हिंदू आणि मुसलमान. नाहीतर दोन्ही पदं एकाच बाईच्या एकाच दुःखाची वाटतात.

कानसेन
पावती दिली. पण भैरवी कुठाय?

मध्यलय
तीच अडचण आहे. 'बोला अमृत बोला' ही भैरवी, बाईची, ज्योत्स्नाबाईंची, पण १९४२. 'सर्वात्मका सर्वेश्वरा' ही भैरवी, १९६६, 'ययाति आणि देवयानी', पण कचाची, रामदास कामतांची. एक दशकाबाहेर, एक पुरुषाची.

गोंयचो_मोग
'बोला अमृत बोला'. ज्योत्स्नाबाई नसत्या तर यातलं काही नसतं.

तिसरी_घंटा
'सर्वात्मका'. प्रार्थना आहे, कच काय आणि देवयानी काय. आणि नियम तुम्ही 'उगवला चंद्र'ला मोडलाच आहे, पुन्हा कशाला मोडता?

कानसेन
तिथे मोडला म्हणूनच इथेही मोडा.

पायपेटीवाला
कुठलीही घ्या, भैरवीत मध्यम आहे, काळी एकचाच तबला चालेल. आणि तुमचे निवेदक काळी एकमध्ये गातात. 'सर्वात्मका'त ध्रुवपद त्यांनी घेतलं आणि अंतरे ताईंनी काळी चारमध्ये, तर ऑर्गनवर मला षड्ज कुठला धरायचा तेवढं आधी सांगा. दोन्ही धरता येत नाहीत. भैरवीचा कोमल रिषभ एकाचा असतो तो दुसऱ्याचा कोमल धैवत होतो, आणि श्रोते घरी जाताना कुठली भैरवी ऐकली ते विचारत जातात.

मध्यलय
मग एकाच गळ्यात. दोन्ही ताईंना दोन्ही भैरव्या रविवारी गाऊन बघायला सांगते आणि इथे कळवते.